वाचकांचे प्रश्न : सामाजिक उद्योगांची तुलना करायची, पण कशाशी कशाची?

समाजाचं एखादं काम धंद्याच्या मार्गाने करणाऱ्या संस्था म्हणजे सामाजिक उद्योग. वेगवेगळ्या देशांची सरकारं त्यांना कशी मदत करतात आणि त्याचा अभ्यास कसा करायचा, यावर आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मी पाच देशांतल्या सामाजिक उद्योगांची तुलना हा विषय घेतला आहे. सुरुवातीलाच अडले. एकट्या ब्रिटनमध्ये असे उद्योग किती, याचे मला तीन आकडे मिळाले आणि तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणता खरा धरू?
— विद्यार्थिनी, सोलापूर

तिन्ही खरे असतील. प्रत्येकाने मोजलेली वस्तू मात्र वेगळी आहे. ब्रिटिश सरकारच्या २०१७ सालच्या पाहणीत ४ लाख ७१ हजार हा आकडा आहे. त्यात पगारी माणसं असलेले उद्योग सुमारे ९९ हजारच आहेत, बाकीचे एकट्या माणसाने चालवलेले. ‘सोशल एंटरप्राइझ यूके’ ही या क्षेत्राची संघटना बरीच वर्षं १ लाखाच्या आसपासचा आकडा द्यायची, पुढे तो १ लाख ३१ हजारांवर गेला. ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ या खास कायदेशीर रूपात नोंदलेल्या कंपन्या मोजल्या तर ३० हजारांच्या वर भरतात. पाहणीत उद्योजकाला ‘तुम्ही स्वतःला सामाजिक उद्योग समजता का’ असंही विचारलेलं असतं. नोंदणीत तसं काही विचारायचा प्रश्नच नाही.

आता याच्या शेजारी दक्षिण कोरिया ठेवा. तिथे २०२२ अखेर प्रमाणपत्र मिळालेले सामाजिक उद्योग साडेतीन हजारांच्या घरात होते. म्हणजे ब्रिटन कोरियाच्या १३० पट पुढे? तसं नाही. कोरियात ‘सामाजिक उद्योग’ हे नाव सरकारच्या प्रमाणपत्राशिवाय लावताच येत नाही, लावलं तर दंड होतो. शिवाय २०१२ पासून लागू झालेल्या सहकार कायद्याने पाच माणसांना सहकारी संस्था काढता येऊ लागली. अशा २० हजारांहून जास्त संस्था नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक या साडेतीन हजारांत येत नाहीत.

म्हणून आकडा लिहिताना त्याच्या पुढे चार गोष्टी लिहा : कोणी मोजला, कोणत्या कसोटीवर, कोणत्या वर्षी, आणि एकही पगारी माणूस नसलेले धरले की नाही. चारांपैकी एकही सापडत नसेल तर तो आकडा तक्त्यात घेऊ नका. जगभरात १ कोटी सामाजिक उद्योग, त्यांची २ लाख कोटी डॉलर उलाढाल आणि २० कोटी रोजगार, हा २०२४ साली वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने प्रसिद्ध केलेला अंदाज तुम्हाला जागोजाग भेटेल. वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या पाहण्यांवरून केलेलं ते गणित आहे. प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात ते शोभेल, विश्लेषणात घेऊ नका.

आणि पाच देशांचे तीन करा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पाच देशांचे कायदे नीट वाचून होत नाहीत. पाच घेतले की शेवटी इतरांच्या अहवालांचा सारांश हातात उरतो.

प्रश्न : तीन देश कोणते निवडावेत आणि तुलना नेमकी कोणत्या मुद्द्यांवर करावी? परदेशी भाषेतला कायदा वाचायचा कसा?
— संशोधक विद्यार्थी, पुणे. अशाच आशयाची पत्रं कोल्हापूर आणि नागपूरहून

निवडीची एक कसोटी आमच्या मते सगळ्यांत कामाची आहे : त्या देशात काम आधी आलं की कायदा आधी आला?

इटलीत काम आधी आलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्रिएस्त शहरातल्या मनोरुग्णालयात फ्रांको बझाल्या या मनोविकारतज्ज्ञाच्या पुढाकाराने रुग्णांची सहकारी संस्था निघाली. जे रुग्ण ‘उपचार’ म्हणून फुकट झाडलोट करत होते, ते त्याच कामाचा पगार घेऊ लागले. १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयं बंद करायचं ठरलं, तशा या संस्था वाढत गेल्या. सामाजिक सहकारी संस्थांचा ३८१ क्रमांकाचा कायदा १९९१ साली आला, तोवर संस्था रुळल्या होत्या. हा कायदा अशा संस्थांचे दोन प्रकार सांगतो. ‘अ’ प्रकार आरोग्य, देखभाल आणि शिक्षणाच्या सेवा देतो. ‘ब’ प्रकार कोणताही धंदा करू शकतो, पण कामगारांपैकी किमान ३० टक्के लोक अपंग, मनोविकाराचे रुग्ण, व्यसनातून बाहेर पडणारे, पर्यायी शिक्षा भोगणारे कैदी अशा गटांतले लागतात.

कोरियात कायदा आधी आला. १९९७ च्या आर्थिक संकटात बेकारी उसळली, सरकारने तात्पुरती रोजगाराची कामं काढली, २००३ पासून ‘सामाजिक रोजगार’ योजना आली. पण अनुदान थांबलं की रोजगार थांबायचा. त्यावर उतारा म्हणून सामाजिक उद्योग प्रोत्साहन कायदा झाला, १ जुलै २००७ पासून लागू. उद्योग त्या कायद्याच्या मागून उभे राहिले. ब्रिटन या दोहोंच्या मध्ये येतो. तिथे सहकाराची परंपरा जुनी आहे, तरी कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी हे रूप सरकारने २००४ च्या कायद्याने मुद्दाम घडवलं आणि २००५ पासून नोंदणी सुरू झाली. भारतात काम भरपूर झालं, पण ‘सामाजिक उद्योग’ या नावाचा स्वतंत्र कायदा आजही नाही. या चारांतले कोणतेही तीन घ्या.

तक्त्यात आठ रकाने पुरतात. कायद्याचं नाव आणि वापरलेली आवृत्ती; ‘सामाजिक उद्योग’ हे बिरुद कोण देतं; कोणती कायदेशीर रूपं चालतात; नफ्याचं काय होतं; संस्था बंद झाली तर मालमत्ता कुठे जाते; निर्णयात कामगार, लाभार्थी यांना मत आहे का; सरकार बदल्यात काय देतं; आणि तपासणी कोण करतं, चुकलं तर काय होतं. सातव्या रकान्याचे पुन्हा चार भाग करा : करसवलत, पगाराला मदत, सरकारी कामं, भांडवल. ‘सरकारी पाठबळ आहे’ या तीन शब्दांखाली हे चारही कोंबले की तुलना तिथेच संपते.

नफ्याच्या रकान्यात हमखास घोळ होतो, कारण काही कायदे ‘उद्देशासाठी किमान इतका ठेवा’ म्हणतात आणि काही ‘मालकांना कमाल इतका द्या’. सगळं एकाच बाजूने लिहून काढा. मालकांना जास्तीत जास्त किती मिळू शकतं हे पाहिलं तर ब्रिटनमध्ये वाटपयोग्य नफ्याच्या ३५ टक्के, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ४० टक्के, कंपनी असेल तर कोरियात एक तृतीयांश, व्हिएतनाममध्ये ४९ टक्के, थायलंडमध्ये ३० टक्के आणि भारतातल्या कलम ८ च्या (म्हणजे विना-नफा) कंपनीत शून्य. त्यातही ब्रिटनच्या बहुतेक कम्युनिटी इंटरेस्ट कंपन्या सभासदांच्या हमीवर उभ्या असतात. त्यांना भाग भांडवलच नसतं, म्हणजे लाभांशाचा विषयच येत नाही. ३५ टक्क्यांची मर्यादा लागते ती भाग भांडवल असलेल्या थोड्यांना. हे न पाहता ‘ब्रिटनमध्ये ३५ टक्के नफा वाटतात’ असं लिहिलेले प्रबंध आहेत.

भाषेचं म्हणाल तर ब्रिटनच्या सरकारी कायदा-संकेतस्थळावर एकाच कलमाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या तारखेनुसार पाहता येतात. इटलीचे कायदे ‘नॉर्मात्तिवा’वर असेच तारखेनुसार मिळतात, पण इटालियनमध्ये. कोरियाच्या कायद्यांचं इंग्रजी भाषांतर कोरिया लेजिस्लेशन रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आहे, फक्त ते मूळ दुरुस्तीच्या मागे राहतं. भाषांतरावर कोणत्या दुरुस्तीपर्यंतचं आहे ते लिहिलेलं असतं, तेवढं टिपून घ्या. यंत्राने केलेलं भाषांतर वापरायला हरकत नाही. मात्र ‘करू शकतील’ आणि ‘केलं पाहिजे’ यांत यंत्र गडबड करतं आणि धोरणाचा सगळा जीव त्या क्रियापदात असतो. अशी पाचसहा कलमं ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

प्रश्न : माहिती मिळवायला परदेशात जाणं शक्य नाही. घरबसल्या खरी कागदपत्रं मिळतील का?
— प्राध्यापिका, जळगाव

ब्रिटनची मिळतात, तीही फुकट. कंपनीज हाउस हे तिथलं कंपनी नोंदणी कार्यालय दर महिन्याला चालू कंपन्यांची पूर्ण यादी उतरवून घ्यायला ठेवतं. यादी अवाढव्य असते, साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडत नाही. तुकड्यांमध्ये दिलेले भाग घ्या, कंपनीच्या प्रकाराच्या रकान्यात ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ गाळून घ्या, आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ५० निवडा. ओळखीच्या नावांवरून निवडू नका. प्रसिद्ध संस्था चांगल्या चाललेल्या असतात म्हणूनच प्रसिद्ध असतात. दर कंपनीच्या पानावर दाखल कागदांची यादी असते. त्यात स्थापनेच्या वेळचा ‘सीआयसी ३६’ आणि दरवर्षीच्या हिशेबाबरोबरचा ‘सीआयसी ३४’ हे दोन कागद उघडा. पहिल्यात समाजाचा कोणता फायदा करू म्हटलं होतं ते असतं. दुसऱ्यात काय केलं, कोणाशी सल्लामसलत केली, संचालकांनी किती मानधन घेतलं, मालमत्ता कोणाला दिली आणि लाभांश वाटला का, हे असतं. दोन्ही शेजारी ठेवले की बोलणं आणि करणं यांतलं अंतर दिसतं. एका कंपनीला पंधरा मिनिटं धरली तरी ५० कंपन्यांना साडेबारा तास लागतात, म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम.

एक सावधगिरी. लहान कंपन्यांचे ‘सीआयसी ३४’ कधीकधी दोन ओळींचे असतात आणि तेच वाक्य सलग तीन वर्षं जसंच्या तसं येतं. हाही एक निष्कर्ष आहे, तो टाकून देऊ नका. तपासणी किती खोलवर जाते ते अशाच ठिकाणी कळतं.

आपल्याकडे कंपनी मंत्रालयाच्या यादीत कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. त्यातली १३ ते १५ ही अक्षरं ‘एनपीएल’ असतील तर ती कंपनी विना-नफा परवान्याची. शेतकरी उत्पादक कंपन्या मात्र त्या जागी खासगी कंपन्यांसारख्याच दिसतात. त्यांना नावातल्या ‘प्रोड्यूसर कंपनी’ या शब्दांवरूनच शोधावं लागतं. न्यास, सोसायट्या आणि सहकारी संस्था या यादीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी धर्मादाय आयुक्त, सहकार खातं, नीती आयोगाचं दर्पण पोर्टल असे वेगवेगळे दरवाजे ठोठवा.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ६०० सभासद, बहुतेक अल्पभूधारक. आम्ही सामाजिक उद्योग आहोत का? सोशल स्टॉक एक्स्चेंजवरून पैसा उभारता येईल का, असं एका सल्लागाराने सुचवलं आहे.
— संचालक, दिंडोरी, जि. नाशिक

कामाच्या दृष्टीने आहात. कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न भारतात तसा विचारलाच जात नाही. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ साली जुन्या कंपनी कायद्यात आली आणि २०२० च्या दुरुस्तीने ती २०१३ च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून बसली. किमान १० उत्पादक, व्यक्ती सभासद असतील तर एका सभासदाला एकच मत मग भाग कितीही असोत, भागांवर मर्यादित परतावा, आणि उरलेला फायदा सभासदाने कंपनीशी जितका व्यवहार केला त्या प्रमाणात. युरोपातला माणूस याला सहकारी संस्थाच म्हणेल. पण इटलीतल्या सामाजिक सहकारी संस्थेची राखीव गंगाजळी सभासदांत वाटता येत नाही, संस्था बंद झाली तरीही. तुमची कंपनी उद्या गुंडाळली तर देणी भागवून उरलेलं सभासदांचं. या एका फरकामुळे तुलनेत तुम्ही ‘सभासदांच्या हिताचा उद्योग’ या गटात जाता. यात कमीपणा काही नाही, पण अहवालात तसं स्पष्ट लिहा.

सोशल स्टॉक एक्स्चेंज म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात असलेला वेगळा विभाग. त्याबद्दलचं उत्तर : आजच्या रूपात नाही. सेबी या बाजार नियामकाने जुलै २०२२ मध्ये नियम केले. विना-नफा संस्थांसाठी ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ रोखे आहेत. त्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत येत नाही, म्हणजे शेअर बाजाराच्या शिस्तीतली देणगीच. पहिली नोंद डिसेंबर २०२३ मध्ये बंगळूरच्या एसजीबीएस उन्नती फाउंडेशनची झाली. नफ्यासाठीचे सामाजिक उद्योगही नियमांत आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढवणं हे पात्र कामांच्या यादीत आहे आणि तीन वर्षांच्या सरासरीने किमान ६७ टक्के उत्पन्न, खर्च किंवा लाभार्थी अशा कामातले हवेत, ही कसोटी तुम्ही सहज पार कराल. अडचण दुसरीकडे आहे. उत्पादक कंपनीचे भाग उत्पादक सभासदांपलीकडे कोणाला देता येत नाहीत, त्यामुळे बाजारात विकायला काही उरतच नाही. आणि तुम्ही विना-नफा नाही, म्हणून ते रोखेही नाहीत.

मग मोठं भांडवल आणायचं कसं? तुमच्या तालुक्यातच उदाहरण आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये घेतले ते काढणीपश्चात प्रक्रियेच्या उपकंपनीत. शेतकऱ्यांची मूळ उत्पादक कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. ६०० सभासदांच्या कंपनीला एवढा बांधा पेलणार नाही. तुमच्यासाठी केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेतल्या तरतुदी जास्त उपयोगाच्या : तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च, सभासदामागे २ हजार रुपये आणि संस्थेमागे कमाल १५ लाख भाग भांडवलाला जोड, आणि २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमी. तुमची कंपनी या योजनेखाली नोंदलेली आहे का ते आधी पाहा. स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या अनेक कंपन्या त्यात नाहीत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायचा, पैसाही थेट तुमच्या खात्यात येणार नाही. तो पात्र न्यास, सोसायटी किंवा कलम ८ च्या कंपनीमार्फतच येतो.

प्रश्न : महापालिका एखाद्या सामाजिक उद्योगाला निविदेशिवाय काम देऊ शकते का? परदेशात काय पद्धत आहे? आमच्याकडे कचरावेचकांची संस्था उभी करायचा विचार आहे.
— कार्यकर्ता, छत्रपती संभाजीनगर

इटलीत देऊ शकते, आणि त्या देशाच्या यशाचं मोठं कारण तेच. १९९१ च्या कायद्याचं पाचवं कलम सार्वजनिक संस्थांना नेहमीचे निविदा-नियम बाजूला ठेवून ‘ब’ प्रकारच्या सहकारी संस्थांशी करार करू देतं. अट अशी की कामाची रक्कम युरोपीय निविदा-मर्यादेच्या खाली असावी आणि वंचित गटातल्या लोकांना रोजगार हा हेतू असावा. बागांची निगा, इमारतींची सफाई, कचरा अशी कामं त्यात जातात. शिवाय वंचित कामगारांच्या सामाजिक विम्याची वर्गणी शून्य. पुढे २०१४ च्या युरोपीय खरेदी निर्देशाने सगळ्याच सदस्य देशांना वाट मोकळी केली : ३० टक्के कामगार अपंग किंवा वंचित असतील अशा संस्थांपुरतीच निविदा राखून ठेवता येते. स्पर्धा होते, पण त्यांच्या त्यांच्यात.

ब्रिटनचा २०१२ चा सोशल व्हॅल्यू कायदा याच्या नेमका उलट आहे. तो म्हणतो, सेवा विकत घेताना सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय फायद्याचा ‘विचार करा’. फक्त विचार. २०२१ पासून केंद्र सरकारच्या खात्यांना निविदांच्या गुणांकनात त्याला किमान १० टक्के वजन द्यावं लागतं. पण ते गुण कोणीही मिळवू शकतो, आणि बड्या कंत्राटदारांकडे असे अर्ज सुंदर भरून देणारी माणसं असतात. नाव सामाजिक आणि कंत्राट मोठ्याला, असं तिथे बरंच होतं. दोन्ही धोरणं ‘सामाजिक खरेदी’ या एकाच मथळ्याखाली मांडणारे अहवाल या कारणाने दिशाभूल करतात.

आपल्याकडे पुण्याचा अनुभव जवळचा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली निघाली आणि तिच्यातून कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. घरं दरमहा शुल्क देतात, विकण्याजोगं भंगार वेचकाचं. संघटना आधी पंधरा वर्षं होती हे विसरू नका. ओळखपत्रं, मोजणी, हक्काची भाषा त्या काळात तयार झाली. थेट सहकारी संस्था नोंदवून सुरुवात केलीत तर पहिल्या तंट्यालाच ती मोडेल. घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, तो तुमचा कायदेशीर आधार. मात्र इटलीच्या पाचव्या कलमासारखी स्पष्ट परवानगी आपल्याकडे नाही, त्यामुळे मुदत संपली की नव्याने पटवून द्यावं लागतं. करारात मुदतवाढीची कसोटी आधीच लिहून घ्या : किती घरं, किती टन वेगळा केलेला कचरा, तक्रार किती तासांत सुटली. आकडे पहिल्या दिवसापासून ठेवा. केंद्राच्या खरेदी धोरणात लघुउद्योगांसाठी २५ टक्के राखीव आहे, पण ते केंद्रीय खाती आणि कंपन्यांपुरतं. महापालिकेला ते दाखवून उपयोग नाही.

प्रश्न : कोरियासारखं पगाराचं अनुदान आपल्याकडे का देत नाहीत?
— वाचक, लातूर

त्याचा परिणाम आधी पाहा. तिथे पूर्व-प्रमाणित अवस्थेत दोन आणि प्रमाणपत्रानंतर तीन अशी कमाल पाच वर्षं कामगारांच्या पगाराचा हिस्सा सरकार देत आलं, दरवर्षी घटत्या प्रमाणात. शिवाय नफ्यावरचा कर तीन वर्षं पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं निम्मा. रोजगार पटकन वाढला. पण अनुदान माणसामागे असल्यामुळे उद्योग माणसं लागणाऱ्या कामांकडे वळले : सफाई, जेवण, देखभाल. अनुदान रोजगाराला जोडलेलं म्हणून बहुसंख्य प्रमाणपत्रंही ‘रोजगार देणारे’ याच प्रकारात गेली. पाचव्या वर्षानंतर पगाराचा सगळा भार एकदम अंगावर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नवी पंचवार्षिक योजना जाहीर करून थेट अनुदानातून हात काढायला सुरुवात केली आणि क्षेत्र हादरलं.

उलट टोकाला व्हिएतनाम. २०१४ च्या उद्योग कायद्याच्या दहाव्या कलमात सामाजिक उद्योगाची व्याख्या आली, किमान ५१ टक्के नफा पुन्हा कामात घालायचं बंधन आलं, पण बदल्यात ठोस काही मिळालं नाही. परिणामी त्या नावाने नोंदणी फारच कमी झाली. बंधन घ्यायचं आणि हाती काही नाही, तर कोण घेईल?

आपल्याकडे अनुदान द्यायचंच झालं तर ते पगाराला न देता बाळंतपणाची रजा, विमा, प्रशिक्षणाचे दिवस अशा ठरावीक खर्चाला द्यावं, इटलीने विमा वर्गणीपुरतं केलं तसं. ते थांबलं तरी धंदा कोसळत नाही.

प्रश्न : माझी लेस्टरमध्ये कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी आहे. तशीच पुण्यात काढून इथला निधी तिकडे वापरता येईल का?
— वाचक, लेस्टर, ब्रिटन

‘तशीच’ नाही निघणार. सगळ्यांत जवळचं रूप कलम ८ ची कंपनी. ब्रिटनमधून देणगी म्हणून पैसा पाठवला तर पुण्याच्या संस्थेला परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्याशिवाय एक पाउंडही घेऊ नका, नंतर दुरुस्त करता येत नाही. तुमच्या बाजूनेही कुलूप आहे : कम्युनिटी इंटरेस्ट कंपनीची मालमत्ता पूर्ण मोबदल्याशिवाय द्यायची तर ती असंच मालमत्ता-बंधन असलेल्या, कंपनीच्या घटनेत नमूद किंवा नियामकाने मान्य केलेल्या संस्थेलाच, नाहीतर समाजाच्या फायद्यासाठीच देता येते. घटनेत ‘समाज’ म्हणजे लेस्टरचे रहिवासी असं लिहिलं असेल तर पुण्यातला खर्च त्यात बसवणं कठीण. आधी आपला ‘सीआयसी ३६’ काढून वाचा. सेवा विकत घ्यायची असेल, उदाहरणार्थ पुण्यातल्या गटाकडून मराठी शिक्षणसाहित्य करून घेणं, तर रीतसर बिलावर पैसे द्या. तो व्यवहार सरळ आहे.

प्रश्न : ‘बी कॉर्प’ आणि ‘बेनिफिट कॉर्पोरेशन’ एकच का?
— वाचक, मडगाव

नाही. पहिलं ‘बी लॅब’ या खासगी संस्थेचं प्रमाणपत्र, कोणत्याही देशातल्या कंपनीला मिळू शकतं. दुसरं अमेरिकी राज्यांच्या कायद्यातलं कंपनीचं रूप, पहिलं मेरीलँडमध्ये २०१० साली. दोन्हींत नफावाटपावर मर्यादा नाही, त्यामुळे वरच्या तक्त्यात त्यांना वेगळ्या ओळीत ठेवा.

प्रश्न : प्रबंध सादर केला. परीक्षकांनी ‘सवलती कालबाह्य’ असा शेरा मारला. मी तर सरकारी अहवालातूनच घेतल्या होत्या.
— विद्यार्थी, अमरावती

अहवाल बरोबर असेल, जुना असेल. करसवलतींना बहुधा शेवटची तारीख असते आणि ती अहवालात ठळक नसते. ब्रिटनने सामाजिक गुंतवणुकीवर ३० टक्के प्राप्तिकर सवलत २०१४ मध्ये सुरू केली, ती ५ एप्रिल २०२३ नंतरच्या गुंतवणुकीला मिळत नाही. आपल्याकडे १०० कोटींखाली उलाढाल असलेल्या उत्पादक कंपन्यांना शेतीशी निगडित नफ्यावर कलम ८०पीए खाली पूर्ण वजावट होती, ती २०२३-२४ या आर्थिक वर्षापर्यंतच. नावंही बदलतात : ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिलेल्या बँक खात्यांच्या पैशातून २०१२ मध्ये उभी राहिलेली ‘बिग सोसायटी कॅपिटल’ ही गुंतवणूक संस्था २०२४ पासून ‘बेटर सोसायटी कॅपिटल’ आहे, जुन्या नावाने शोधलं तर माहिती अर्धवट मिळते.

आता दुरुस्ती अशी करा. तक्त्यातल्या प्रत्येक सवलतीपुढे तीन तारखा लिहा : सुरू कधी, संपते कधी, आणि तुम्ही मूळ कायद्यात कधी तपासलं. संपलेल्या सवलती खोडू नका. वेगळ्या रंगात ठेवा आणि त्या संपण्याआधी व नंतर नोंदणीचा आकडा किती होता ते शेजारी घाला. परीक्षकांना बहुधा हीच जोडणी हवी असेल.